मातीचे मल्ल आणि गादीचे मल्ल

निरनिराळ्या काळीं होऊन गेलेल्या दोन वीरांना कल्पनेच्या आखाड्यांत समोरासमोर उभें करण्याचा मोह मनुष्याला फार जुना आहे. भीम श्रेष्ठ कीं जरासंध, हा प्रश्न महाभारतांत सुटला, कारण दोघेहि एका काळीं जन्मले आणि एका मातींत उतरले. वाली आणि भीम यांची जोड लागती तर काय झालें असतें, हें सांगावयास मात्र वाल्मीकि पुढें आले नाहींत आणि व्यासहि आले नाहींत. तें काम त्यांनीं तालमीच्या ओट्यावर बसणाऱ्या मंडळींकडे सोंपविलें असावें. कारण तेथें तें आजतागायत चालू आहे. गामा मोठा कीं आंदळकर, मारुती माने मोठे कीं दादू चौगुले, साठ वर्षांपूर्वींच्या केसरीपुढें आजचा केसरी किती मिनिटें टिकेल, असे वाद पहांटेच्या जोर-बैठका आटोपल्यावर सुरू होतात आणि ऊन चढलें तरी मिटत नाहींत.

अमेरिकेंत हा वाद एकदां यंत्राकडून सोडवून घेण्याचा प्रयत्न झाला. तेथें कुस्तीपेक्षां मुष्टियुद्धाचा, आणि त्यांतहि जड वजनाच्या अजिंक्यपदाचा, लोकांना मोठा नाद आहे. १९६७ सालीं मायामी येथील मरे वोरोनर नांवाच्या एका नभोवाणी-व्यावसायिकानें जुन्या-नव्या सोळा मुष्टियोद्ध्यांची माहिती गणकयंत्रास पुरविली. यंत्रानें काढलेले निकाल जणूं प्रत्यक्ष लढत चालू आहे अशा थाटांत नभोवाणीवरून ऐकविण्यांत आले. रॉकी मार्सियानो सर्वांत श्रेष्ठ ठरला, आणि मुहम्मद अली हा १८९९ सालीं अजिंक्यपद मिळविलेल्या जिम जेफ्रीझकडून हरला. अली यामुळें इतका चिडला कीं त्यानें न्यायालयांत दावा लावला. पुढें तडजोड झाली आणि १९६९ सालीं मार्सियानो व अली या दोघांना खरोखरच समोरासमोर उभें करून एक चित्रपट घेण्यांत आला. मार्सियानोनें १९५६ सालीं, ४९ लढतींपैकीं एकहि न हरतां, खेळ सोडला होता. तो आतां पंचेचाळीस वर्षांचा होता. त्यानें वजन उतरविलें, डोक्यावर केसांचा टोप चढविला आणि सत्तावीस वर्षांच्या अलीशीं लुटुपुटीच्या फेऱ्या खेळल्या. शेवट अनेक प्रकारचे घेऊन ठेविले होते. १९७० च्या जानेवारींत हा चित्रपट दाखविला गेला, तेव्हां मार्सियानो विमान-अपघातांत मरण पावून सुमारें पांच महिने झाले होते. अमेरिकेंतील प्रेक्षकांनीं मार्सियानोला तेराव्या फेरींत जिंकतांना पाहिलें. युरोपांत दाखविलेल्या प्रतींत अली जिंकला. यंत्राचा न्यायहि गांव पाहून बदलला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वास्तविक मुष्टियुद्धाच्या इतिहासांतच या प्रश्नावर प्रकाश टाकणारें एक खरें उदाहरण होतें, आणि त्यासाठीं यंत्राची जरुरी नव्हती. जॉन सलिव्हन यानें १८८९ सालीं जेक किलरेन याला उघड्या मुठींच्या लढतींत पंचाहत्तर फेऱ्यांनंतर हरविलें. त्या जुन्या नियमांत गडी खालीं पडला कीं फेरी संपे, आणि एकानें हार पत्करीपर्यंत लढत चाले. तीनच वर्षांनीं, १८९२ सालीं, हातमोजे घालून, तीन मिनिटांची फेरी आणि एक मिनिट विश्रांति या नव्या नियमांप्रमाणें सलिव्हन जेम्स कॉर्बेटपुढें उभा राहिला आणि एकविसाव्या फेरींत आडवा झाला. सलिव्हनचें वय वाढलें होतें, शरीर सुटलें होतें, हेंहि खरें. तथापि कॉर्बेटनें त्याला ज्या चपळाईनें हरविलें ती चपळाई नव्या नियमांतच मोलाची होती. म्हणजे नियम बदलला कीं वीरांची किंमत बदलते. दोन निराळ्या प्रश्नपत्रिका सोडविलेल्या विद्यार्थ्यांचे गुण एका यादींत लावावे, त्यांतला हा प्रकार आहे.

महाराष्ट्रांत मुष्टियुद्धाचें हें स्थान कुस्तीकडे आहे, आणि महाराष्ट्रांतील जड वजनाच्या अजिंक्यपदाचा इतिहास औरंगाबादेस, म्हणजे २०२३ पासून ज्याचें नांव छत्रपति संभाजीनगर झालें त्या शहरीं, सुरू होतो. ही गोष्ट खुद्द त्या शहरांतील अनेक सुशिक्षित कुटुंबांनाहि ठाऊक नसेल. वेरूळची लेणीं, बीबीका मकबरा, पाणचक्की दाखविण्यास पाहुण्यांना नेणाऱ्या नगरवासीयांनीं, महाराष्ट्र केसरीचा पहिला किताब १९६१ सालीं आपल्या गांवीं लढला गेला, हें पाहुण्यांना क्वचितच सांगितलें असेल.

त्या सालाचें महत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे. १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत हा प्रदेश निजामाच्या अमलाखालीं होता. १९५६ सालीं तो द्विभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें, तेव्हां त्याचा भाग बनला. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणें या भागांत कुस्तीला संस्थानिकांचा, जत्रांचा आणि मोठमोठ्या तालमींचा आश्रय होता. मराठवाड्याचा मल्ल आपल्या गांवच्या जत्रेंत, नारळावर नाहींतर फेट्यावर लढून आपली हौस भागवीत असे. अशा स्थितींत नव्या राज्याचा पहिला केसरी ठरविण्याची कुस्ती राज्यांत सर्वांत शेवटीं आलेल्या प्रदेशांत व्हावी, यांत मोठें औचित्य होतें. त्या वर्षीं दिनकर दह्यारी हे महाराष्ट्र केसरी झाले. त्यांच्या मागून धुळ्यास १९६२ सालीं भगवान मोरे, मग १९६४ व १९६५ या दोन्ही वर्षीं गणपत खेडकर, १९६६ व १९६७ सालीं दीनानाथ सिंह, अशी ती मालिका पुढें चालली. १९६९ सालीं ती पुन्हां मराठवाड्यांत, लातुरास आली, आणि त्या वेळीं किताब मिळविला तो मराठवाड्याच्याच हरिश्चंद्र बिराजदार यांनीं.

परंतु आज तुलनेचा विषय निघाला कीं दिनकर दह्यारींचें नांव यादीच्या पहिल्या ओळींत राहतें आणि वादांत येत नाहीं. असें कां होतें? त्याचें कारण असें कीं तुलना करणारा मनुष्य आपल्या काळाचें माप घेऊन मागें जातो. तीन वेळां केसरी झालेला मल्ल दोन वेळां झालेल्यापेक्षां मोठा, दोन वेळां झालेला एकदां झालेल्यापेक्षां मोठा, आणि परदेशांतून पदक आणलेला सर्वांत मोठा! हें माप वापरावयाचें तर पहिला केसरी नेहमींच सर्वांत लहान ठरणार. म्हणून अगोदर त्या काळीं मल्लाची परीक्षा कशांत होई, हें पाहणें इष्ट आहे.

ती परीक्षा मातींत होई. तालमीचा हौदा म्हणजे नुसता खड्डा नव्हे. लाल माती चाळून घ्यावयाची, तींत तेल, ताक, हळद, लिंबू घालावयाचें, रोज ती खणून मऊ करावयाची. आणि हें काम नवशिक्या पोरांकडे असल्यामुळें, माती खणतां खणतांच त्यांचे खांदे तयार होत. अशा मातींत पाय रुततो. प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर एकदम झेंप घालून पट काढणें तेथें गादीइतकें सोपें नसतें. उलट घामानें निसटणाऱ्या अंगावर माती टाकली कीं पकड बसते. त्यामुळें मातींत खडाखडी लांबते, मानेवर भार टाकून प्रतिस्पर्ध्याला दमविण्यास महत्त्व येतें, आणि घिस्सा, मोळी, एकचाक, कलाजंग या डावांसाठीं संधीची वाट पाहात राहावें लागतें. मुख्य गोष्ट ही कीं मातींत गुण मोजीत नसत. पाठ लागली, अस्मान दिसलें, म्हणजे निकाल; एरवीं निकाल नाहीं. दोन तुल्यबळ मल्ल तासभर झुंजले आणि कोणीच चित झाला नाहीं, तर पंच मध्यें पडून कुस्ती सोडवीत आणि ती बरोबरींत धरली जाई. महाराष्ट्र केसरीच्या यादींतहि कांहीं वर्षें अशीं आहेत कीं ज्यांच्यापुढें कोणाचेंच नांव नाहीं. आजच्या वाचकाला तीं रिकामीं घरें म्हणजे स्पर्धेच्या व्यवस्थेंतला दोष वाटतो. पण चितपटीवांचून किताब नाहीं, हा बाणा जेथें मुरला होता तेथें घर रिकामें राहणें हाहि एक निकालच होता.

अशा परीक्षेचा आणि गादीच्या परीक्षेचा फरक ज्या एका जोडीनें जगाला दाखविला, ती जोड गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची. एकाच दोन मल्लांची कुस्ती दोन निरनिराळ्या जमिनींवर झाली, आणि तींत अठरा वर्षांचें अंतर पडलें. १० सप्टेंबर १९१० रोजीं लंडनमध्यें गादीवर हे दोघे प्रथम भेटले. गामाची ताकद लक्षांत येतांच झिबिस्को गादीवर पालथा पडून राहिला, आणि सुमारें अडीच तास गामा त्याला उलथवूं पाहात राहिला. पण तें जमलें नाहीं. पुढच्या आठवड्यांत पुन्हां कुस्ती ठरली होती, त्या दिवशीं झिबिस्को आलाच नाहीं आणि किताबाचा पट्टा गामाला मिळाला. १९२८ च्या जानेवारींत पतियाळ्याच्या महाराजांनीं दोघांना पुन्हां बोलाविलें. या वेळीं पायांखालीं माती होती. दोघेहि पन्नाशीच्या आसपास आलेले. आणि कुस्ती एक मिनिटहि पुरें होण्याच्या आंत संपली. झिबिस्को चित झाला.

आतां तुलना करणाऱ्यानें सांगावें: यांपैकीं खरा निकाल कोणता? अडीच तासांचा कीं एका मिनिटाचा? गामा १९१० सालीं ऐन भरांत होता, म्हणजे तेव्हां तो अधिक बलवान् असला पाहिजे. तरी झिबिस्को त्याला चित करतां आला नाहीं. अठरा वर्षें वय वाढल्यावर तोच झिबिस्को पापणी लवते न लवते तोंच पडला. गादीवर पालथें पडून राहणें हा बचाव होता, पतियाळ्यास ती संधिच मिळाली नाहीं, असें एक म्हणेल. झिबिस्कोचें वय जास्त झालें होतें, असें दुसरा म्हणेल. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य आहे. पण एकाच काळच्या, एकमेकांशीं प्रत्यक्ष भिडलेल्या दोन मल्लांबद्दल जर इतकी शंका उरते, तर एकमेकांना कधीं न पाहिलेल्या मल्लांबद्दल छातीठोक बोलणाऱ्यांनीं जरा दम धरावा.

मातीचा मल्ल गादीवर गेला म्हणजे काय होतें, याचें उत्तर देणारे दुसरे पुरावे महाराष्ट्रांतलेच आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिक स्पर्धेस गेले तेव्हां त्यांना गादीचा सराव नव्हता. तेथें ते सहावे आले. चार वर्षांनीं हेलसिंकीस त्यांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारताला एका व्यक्तीनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. खाशाबा हलक्या वजनाचे मल्ल होते. म्हणून जड वजनाच्या वादांत त्यांचें नांव घेण्याचें कारण एवढेंच कीं, मातींतला मल्ल गादीवर टिकत नाहीं हें म्हणणें त्यांनीं चार वर्षांत खोटें पाडलें.

जड वजनाच्या मल्लांचा पुरावा याहूनहि भक्कम आहे. सांगली जिल्ह्यांतील पुनवतचे गणपतराव आंदळकर कोल्हापूरच्या मोतीबाग तालमींत मातींत घडले आणि १९६० सालीं हिंद केसरी झाले. त्याच जिल्ह्यांतील कवठेपिरानचे मारुती माने पुढें १९६४ सालीं हिंद केसरी झाले. या दोघांना १९६२ सालीं जकार्ता येथील आशियाई स्पर्धेस पाठविण्यांत आलें. मारुती माने यांनीं ९७ किलो गटांत मुक्त शैलींत सुवर्ण आणि ग्रीको-रोमन शैलींत रौप्य मिळविलें. आंदळकरांनीं त्यावरच्या, सर्वांत जड गटांत मुक्त शैलींत रौप्य आणि ग्रीको-रोमनमध्यें सुवर्ण मिळविलें. या शेवटच्या सुवर्णपदकाकडे पुरेसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. ग्रीको-रोमन शैलींत कमरेखालीं हात लावावयाचा नसतो आणि पायाचा उपयोग डावासाठीं करावयाचा नसतो. म्हणजे पट नाहीं, टांग नाहीं. देशी मल्लाच्या डावांचा अर्धा भाता रिकामा. असें असतां मातींत वाढलेला मनुष्य परक्या जमिनीवर, परक्या नियमांनीं, परक्या शैलींत पहिला येतो. हें आशिया खंडापुरतें होतें, जगाचें नव्हे. दोन वर्षांनीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें आंदळकरांना पदक मिळालें नाहीं, हेंहि विसरतां कामा नये. तरीसुद्धां, आजच्या एखाद्या गादीवरच्या केसरीला चार महिन्यांत मातींत उतरवून तासाभराची खडाखडी करावयास लावली, तर तो इतकें करून दाखवील कीं नाहीं, याची शंकाच आहे. आंदळकर आणि माने यांचें मोठेपण किताबांच्या संख्येंत शोधूं नये. दुसऱ्याची प्रश्नपत्रिकाहि त्यांनीं सोडविली, यांत तें आहे.

वाद घालणाऱ्या मंडळींना आणखी एक युक्ति फार प्रिय असते, ती साखळीची. अमक्यानें तमक्याला पाडलें, तमक्यानें फलाण्याला पाडलें, म्हणून अमका फलाण्याहून श्रेष्ठ! दिल्लीचे सतपाल यांच्यावर हरिश्चंद्र बिराजदारांनीं विजय मिळविला होता आणि कोल्हापूरच्या युवराज पाटलांनींहि मिळविला होता. ते विजय महाराष्ट्रांत अजून सणासारखे आठविले जातात. पुढें १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धेंत त्याच सतपालनीं १०० किलो गटांत सुवर्णपदक मिळविलें. साखळी लावावयाची तर बिराजदार आणि युवराज पाटील हे आशियाच्या सुवर्णपदकवाल्याहून श्रेष्ठ ठरतात. कोल्हापुरांत हें मान्य होईल, दिल्लींत होणार नाहीं. परंतु ज्या सतपालला बिराजदारांनीं पाडलें तो आणि १९८२ चा सतपाल हे एकच होते काय? मल्ल पडतो, शिकतो, पुन्हां उठतो. साखळींत मात्र तो जेथें पडला तेथेंच कायमचा पडलेला राहतो. त्यांचा शिष्य सुशील कुमार यानें २००८ व २०१२ सालीं ऑलिंपिक पदकें मिळविलीं. साखळी तेथवर ओढली तर मग बोलणेंच खुंटलें.

किताबांची मोजणी हें माप साखळीहून बरें दिसतें, पण तेंहि सरळ नाहीं. खेडकर, दीनानाथ सिंह, दादू चौगुले, लक्ष्मण वडार हे सर्व लागोपाठ दोनदां केसरी झाले. त्यानंतर पस्तीस वर्षें कोणालाहि तें साधलें नाहीं. २००७ सालीं स्पर्धा पुन्हां औरंगाबादेस भरली, तींत चंद्रहार पाटील विजयी झाले आणि २००८ सालीं सांगलीस त्यांनीं किताब राखला. मग २०११ पासून २०१३ पर्यंत नरसिंग यादव आणि २०१४ पासून २०१६ पर्यंत विजय चौधरी असे दोन मल्ल लागोपाठ तीन-तीन वेळां केसरी झाले. पन्नास वर्षांत जें एकदांहि झालें नाहीं तें सहा वर्षांत दोनदां झालें! यावरून पूर्वींचे मल्ल कमी होते असें अनुमान काढणारा मनुष्य घाईचा म्हटला पाहिजे. जुना मल्ल एकदां केसरी झाला कीं त्याचें लक्ष हिंद केसरीकडे, रुस्तुम-ए-हिंदकडे, आणि मुख्य म्हणजे मोठ्या इनामाच्या मैदानांकडे वळे. राज्याचा किताब ही त्याच्या वाटेवरची एक पायरी होती. पुढें राज्याचा किताब हेंच एक मोठें ध्येय होऊन बसलें. त्याला चांदीची गदा, वर्तमानपत्रांतील मथळा आणि सरकारी नोकरीची आशा जोडली गेली. नरसिंग यादव आणि विजय चौधरी या दोघांनाहि पोलीस खात्यांत अधिकारपद मिळालें. एकाच शिडीवर तीनदां चढणारा आणि तीन शिड्या एकेकदां चढणारा, यांत उंच कोण गेला हें नुसत्या पायऱ्या मोजून कळत नाहीं.

नरसिंग यादव यांच्याविषयीं एक गोष्ट मात्र नव्या काळाच्या बाजूनें सांगितलीच पाहिजे. त्यांनीं २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत सुवर्णपदक आणि २०१५ च्या जागतिक स्पर्धेंत कांस्यपदक मिळविलें तें ७४ किलो गटांत. जड वजनाच्या किताबासाठीं सव्वाशें किलोपर्यंतचे मल्ल उतरतात, तेथें या मध्यम बांध्याच्या मनुष्यानें तीन वर्षें कोणाला दाद दिली नाहीं. गादीनें गति आणि तंत्र यांना किती महत्त्व आणून दिलें आहे, याचा याहून चांगला दाखला नाहीं. जुन्या मंडळींना हें सहसा आवडत नाहीं; केसरी म्हणजे दारांतून आंत येतांना वांकावें लागेल असा मनुष्य, अशी त्यांची समजूत. जुन्या माणसाला आपल्या तरुणपणींचा मल्ल नेहमींच दोन वितीं उंच दिसतो. परंतु गामा तरी कोठें मोठा उंच होता? तो जेमतेम साडेपांच फुटांच्या थोडा वर होता, आणि लंडनला त्याची उंची पाहून प्रथम त्याला स्पर्धेंत घेण्यासहि लोक नाखूष होते.

मल्लांना पोसणारे हात बदलले, याचाहि विचार करावयास हवा. शाहू महाराजांनीं १९०२ सालीं युरोपचा प्रवास केला, रोममधलें प्राचीन क्रीडागार पाहिलें आणि कोल्हापुरास खासबागेचें मैदान उभारलें; तें १९१२ सालीं पुरें झालें. महाराज स्वतः लाल मातींत उतरणारे. त्यांच्या पदरीं असलेल्या मल्लाला दूध, तूप, बदाम यांची चिंता नव्हती, आणि वर्षांतून किती कुस्त्या कराव्या याची घाईहि नव्हती. संस्थानें गेल्यावर हा भार जत्रांवर, साखर कारखान्यांवर, सावकारी इनामांवर आणि मल्लाच्या बापाच्या चार एकरांवर पडला. मुलाच्या खुराकासाठीं म्हैस राखणारे आणि ती विकण्याची पाळी आलेले शेतकरी महाराष्ट्रांत थोडे नाहींत. ज्या मल्लाला पोटाची काळजी नाहीं आणि ज्याला ती रोज आहे, त्यांच्या अंगांतलें बळ एका तराजूंत घालतांना त्या काळजीचें वजनहि धरलें पाहिजे. बाराव्या शतकांत कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानें ‘मानसोल्लास’ नांवाचा ग्रंथ रचला. त्यांतहि मल्लविनोद या प्रकरणांत मल्लांचे वर्ग पाडलेले आहेत आणि त्यांच्या आहाराचा व कसरतीचा खर्च राजानें करावा अशी दृष्टि आहे. मल्लांत प्रतवारी लावावयाची तर खुराकाचा हिशेब बाजूस ठेवून चालत नाहीं, हें आठशें-नऊशें वर्षांपूर्वीं या दख्खनच्या पठारावर लोकांना माहीत होतें.

गुणांच्या पद्धतीनें केसरीपदाचें स्वरूप किती पालटलें, तें अलीकडच्या दोन-तीन कुस्त्यांवरून दिसतें. पुण्यास बालेवाडीला २०२० च्या जानेवारींत हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांची अंतिम कुस्ती झाली. दोघे एकाच तालमीचे, काका पवारांचे शिष्य. सदगीर ३-२ अशा गुणांनीं जिंकले, आणि निकाल लागतांच त्यांनीं हरलेल्या शेळक्यांना खांद्यावर उचलून घेतलें. जुन्या नियमानें ही कुस्ती बरोबरींत सुटली असती. यादींत आणखी एक घर रिकामें राहिलें असतें आणि खांद्यावर कोणीच कोणाला घेतलें नसतें. २०२३ च्या जानेवारींत माती विभागाच्या कुस्तींत महेंद्र गायकवाड यांना एका टांगेच्या डावाबद्दल चार गुण मिळाले व सिकंदर शेख हरले. ते चार गुण बरोबर होते कीं नव्हते, यावर महाराष्ट्रभर आठवडेच्या आठवडे वाद माजला. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत पुण्याजवळ फुलगांवला सिकंदर शेख यांनीं गतविजेत्या शिवराज राक्षे यांना अर्ध्या मिनिटाच्या आंत चितपट केलें, आणि या वेळीं कोणालाहि कांहीं मोजावें लागलें नाहीं. चितपटीला पंचाची जरुरी नसते, असें जुने वस्ताद म्हणत. त्याचा प्रत्यय आला.

मग तुलना करूंच नये काय? तसें म्हणणें हा कोरडेपणा होईल; तुलनेवांचून आठवण राहत नाहीं. मात्र ती करतांना दोन गोष्टी पाहाव्या. एक, मल्ल आपल्या काळच्या इतरांपेक्षां किती पुढें होता. आणि दुसरी, आपलें घर सोडून दुसऱ्याच्या घरीं त्यानें काय केलें. पहिल्या मापानें गामाला तोड नाहीं, कारण जवळजवळ पन्नास वर्षांच्या काळांत त्याला कोणी पाडल्याचा दाखला नाहीं. दुसऱ्या मापानें आंदळकर आणि माने महाराष्ट्रांतील जड वजनाच्या मल्लांत सर्वांच्या वर बसतात, आणि नरसिंग यादव त्यांच्या फार खालीं बसत नाहींत. दिनकर दह्यारींच्या वांट्याला यांपैकीं दुसरें माप आलेंच नाहीं. १९६१ सालीं त्यांच्यापुढें जेवढे मल्ल उतरले तेवढ्यांत ते पहिले आले, आणि त्या दिवशीं त्यांना विचारलेला प्रश्न तेवढाच होता. त्याचें उत्तर त्यांनीं पुरें दिलें. पुढें तीन-तीनदां केसरी झालेल्यांनीं जी यादी वाढविली तिची पहिली ओळ त्यांनीं औरंगाबादेस लिहिली.

आज महाराष्ट्र केसरीची स्पर्धा माती आणि गादी अशा दोन विभागांत होते. मातीचे मल्ल आपसांत लढतात, गादीचे आपसांत लढतात, आणि दोन्हीकडचे विजेते शेवटीं किताबासाठीं एकमेकांसमोर येतात. महाराष्ट्रांतलें हें एकच ठिकाण असें आहे कीं जेथें दरवर्षीं दोन काळ प्रत्यक्ष एकमेकांस भिडतात आणि कल्पनेवर कांहीं सोंपवावें लागत नाहीं. मात्र ती शेवटची कुस्ती गादीवर होते. मातीचा विजेता पायांची माती झाडून गादीवर चढतो. गादीच्या विजेत्याला हौद्यांत उतरावें लागत नाहीं.